लांकडी मुखावरील भाव

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धाकट्या नातवानें शिवणीच्या लांकडाचा एक चौकोनी ठोकळा माझ्यापुढें आणून ठेवला व म्हणाला, "आजोबा, यांतून मला एका गुरुजींचं डोकं करून द्या. तुमच्यासारखं दिसलं तरी चालेल." लहानपणीं आमच्या वाड्याच्या पडवींत सुतार कामाला बसत, तेव्हां त्यांच्याजवळ घुटमळून पटाशी धरण्याची थोडी संवय माझ्या हातास लागलेली होती, पुढें शाळेंत स्नेहसंमेलनासाठीं मुखवटे करून देण्याच्या निमित्तानें ती टिकून राहिली. तेवढ्या भांडवलावर मीं होकार दिला. काम फार तर चार दिवसांचें, अशी माझी समजूत होती. तें चार महिने चाललें आणि त्यांत एक संबंध डोकें वायां गेलें. तें कां वायां गेलें, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम हें डोकें कशासाठीं हवें होतें तें सांगितलें पाहिजे. इंग्रजींत ज्यास 'स्टॉप मोशन' म्हणतात, त्या रीतीचा तीन मिनिटांचा एक चित्रपट घरांतील मुलांना करावयाचा होता. या रीतींत बाहुलीस दोरा नसतो, आंत कोणाचा हात नसतो, किंवा चावी दिलेलें यंत्रही नसतें. बाहुली मांडून तिचें एक छायाचित्र घ्यावयाचें; मग तिची मान केसभर वळवावयाची, हात जवाएवढा उचलावयाचा, बाजूस सरावयाचें आणि दुसरें छायाचित्र घ्यावयाचें. चित्रपटांत एका सेकंदास चोवीस चित्रें डोळ्यांपुढून जातात. काटकसर करून एकेक ठेवण दोन-दोन चित्रांपुरती वापरली, तरी सेकंदास बारा ठेवणी लागतात. म्हणजे मिनिटास ७२० आणि तीन मिनिटांस २,१६०. हीं सर्व चित्रें ओळीनें व वेगानें दाखविलीं, कीं निर्जीव बाहुली आपली आपण चालूं लागते.

ही युक्ति आपल्या लोकांस परकी नाहीं. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणण्यापूर्वींच, वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबून थांबून एकेक चित्र घेत टिपली होती. आणि पुढें थोड्याच वर्षांत 'आगकाड्यांची मौज' या लहानशा चित्रपटांत पेटींतल्या काड्यांना नाचावयास लावलें होतें. आपल्या नाटकांतल्या 'सूत्रधार' या शब्दाचें मूळ बाहुल्यांच्या खेळांतील दोरी धरणारांत असावें, असें पिशेल नांवाच्या जर्मन पंडितानें प्रतिपादन केलें होतें. तें मत ग्राह्य असो वा नसो, या नव्या खेळांत सूत्रच उरलेलें नाहीं. सूत्रधार येथें दोन चित्रांच्या मधल्या फटींत उभा राहतो आणि प्रेक्षकांस तो कधींच दिसत नाहीं.

मुलांची गोष्ट साधी होती. एका खेड्यांतील मुलाची पाटी फुटते. गुरुजी वर्गांत त्याच्यावर रागावतात. मुलगा शाळा सुटल्यावर घरीं न जातां गांवाबाहेरच्या वडाखालीं लपून बसतो. अंधार पडतो, आणि तेच गुरुजी हातांत कंदील घेऊन त्याला शोधीत येतात. बस्स, एवढेंच. संवाद मुळींच नाहींत.

आतां डोक्याच्या कामाकडे वळूं. अशा बाहुलीची उंची साधारण दहा इंच आणि डोकें दोन इंचांचें. इतक्या लहान कामास सागवान चालत नाहीं. त्याचे ठळक रेषांचे पट्टे चेहऱ्यावर सुरकुत्यांसारखे उमटतात, आणि पटाशी त्या रेषांच्या ओढीनें भलतीकडे जाते. मऊ, हलकें, सर्व बाजूंनीं सारखें कापलें जाणारें लांकूड हवें. युरोपांत यासाठीं लिंडन नांवाच्या झाडाचें लांकूड वापरतात. चेक लोक त्यास 'लीपा' म्हणतात व तें त्यांचें राष्ट्रीय झाड मानतात. आपल्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांस पांगारा वापरीत आले आहेत. शिवणही या कामास चांगली. लांकूड पुरतें वाळलेलें असावें, आणि खोडाच्या ऐन गाभ्याचा भाग त्यांत येऊं देऊं नये. कारण गाभ्यापासून निघालेली चीर कोरून झालेल्या गालावरून हमखास फिरते.

लांकडाच्या शिरा टाळूपासून हनुवटीकडे, म्हणजे उभ्या, ठेवाव्या. आडव्या शिरांचें नाक पहिल्याच चुकार घावानें उडतें आणि मान वळवितांना गळा मोडतो. डोकें कोरण्याआधीं, ठोकळा चौरस आहे तोंवरच, मानेचा सांधा बसण्याचें भोंक गिरमिटानें पाडून घ्यावें व गुण्या लावून तें सरळ आहे कीं नाहीं हें पाहावें. एकदां गाल-कपाळ गोल झालें, कीं मोजमाप घेण्यास सपाट बाजू उरत नाहीं. भोंक तिरपें गेलें तर गुरुजी जन्मभर मान वांकडी करून उभे राहतात.

नवशिका मनुष्य ठोकळ्याच्या सपाट बाजूवर चेहरा काढतो. तसें करूं नये. नाक ठोकळ्याच्या कोपऱ्यावर, दोन बाजू जेथें मिळतात त्या धारेवर घ्यावें. म्हणजे दोन्ही गाल आपोआप मागें सरतात आणि चेहऱ्यास खोली येते. डोळ्यांची रेघ टाळू व हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर असते. आपण सारे ती फार वर काढतों, कारण बोलतांना आपलें लक्ष डोळे व तोंड यांकडेच असतें आणि कपाळ आपल्या हिशेबांतच नसतें. नाकाखालीं पटाशीचा एक उभा, थांबवणारा घाव घालून मगच ओठांकडील लांकूड उतरावें; नाहींतर निघालेली ढलपी नाकही घेऊन जाते. मातीच्या कामांत चुकलेलें पुन्हां थापतां येतें. लांकडांत फक्त काढून टाकतां येतें, लावतां येत नाहीं. आमच्या शाळेंत पाटीवर लिहितांना एक नियम असे आणि शाईनें लिहितांना दुसरा असे. लांकूड हें शाईचें लेखन आहे.

चेहरा उतरल्यावर डोक्याची मागची बाजू करवतीनें कापून आंतून पोखरावी व पुन्हां सरसानें चिकटवावी. हें कशासाठीं, तें मला प्रथम उमगलें नव्हतें. डोकें जड राहिलें, तर शंभर चित्रें होईपर्यंत मानेचा सांधा थकतो आणि डोकें कोणी न हलवितां हळूहळू खालीं येतें. चित्रपटांत पाहावें तों गुरुजी शिकवितां शिकवितां पेंगूं लागलेले! केसांत लपेल असें एक बारीक छिद्र मागें ठेवावें. त्यांत टांचणी घालून डोकें फिरवितां येतें व बोटांचे डाग चेहऱ्यावर पडत नाहींत. शेवटीं खडूची भुकटी व सरस यांचा पातळ लेप देऊन वर रंग द्यावा. पण रंगास चकाकी नसावी. चकाकत्या गालावर दिव्याची तिरीप प्रत्येक चित्रांत निराळी पडते आणि चेहरा लुकलुकूं लागतो.

ही सर्व पथ्यें पाळून मीं पहिलें डोकें केलें. चेहरा कोणता द्यावा याचा विचार मला करावाच लागला नाहीं. नातवानें 'तुमच्यासारखं' म्हटलेंच होतें. मीं आरशापुढें बसलों आणि वर्गांत पाय ठेवतांना जो चेहरा मी पस्तीस वर्षें चढवीत आलों, तो चढविला. भुंवयांच्या मध्यें दोन उभ्या आंठ्या, ओठ मिटलेले, त्यांचे कोपरे खालीं ओढलेले. आंठ्या मीं बारीक पटाशीनें खोल घेतल्या. काम उत्तम साधलें. सूनबाई हंसून म्हणाल्या, "अगदीं तुम्हीच!" मला त्याचा अभिमान वाटला.

वर्गाचा प्रवेश मुलांनीं दोन दिवसांत टिपला, आणि तो पाहून सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. लांकडाचे गुरुजी वर्गांत आले, वळले, थांबले. ते रागावले आहेत हें सांगावें लागलें नाहीं. मग वडाचा प्रवेश टिपला. गुरुजी कंदील घेऊन आले, इकडे तिकडे पाहिलें, वांकले. पडद्यावर तें चित्र उमटल्यावर खोलींत कोणीच बोलेना. शेवटीं नातू हलक्या आवाजांत म्हणाला, "आजोबा, हे गुरुजी त्याला शोधायला आले आहेत असं वाटत नाही. मारायला आले आहेत असं वाटतं."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आम्हीं कंदील वर घेतला, खालीं घेतला, गुरुजींना हळू चालविलें, बसविलें, हात पुढें करावयास लावला. त्या आंठ्या व ते ओठ प्रत्येक हालचालीचा अर्थ आपल्याकडे ओढून घेत. हात पुढें झाला तर तो मुलाचा कान धरण्यासाठींच. जें मुख एकच गोष्ट पक्की बोलून बसलें आहे, त्याला दुसरी गोष्ट बोलतां येत नाहीं.

येथें एक जुनी हकीकत सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी बाजारांत भेटला. त्याचेही केस आतां पांढरे होऊं लागले आहेत. बोलतां बोलतां त्यानें सांगितलें कीं, दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली असतां त्याच्या घरीं फीचे पैसे नव्हते. मी अशा मुलांची फी कोणास न सांगतां भरतों, हें त्याला एका मित्रानें सांगितलें होतें. तो दोनदां शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत आला, दारांतून माझा चेहरा पाहिला, आणि परत गेला. त्याचें वर्ष गेलें. हें तो हंसत हंसत सांगत होता. मी त्या दिवशीं त्याला कांहींतरी उत्तर दिलें आणि घरीं येऊन ती गोष्ट विसरण्याचा यत्न केला. ती मला आतां त्या दोन इंची डोक्यावर कोरलेली दिसली. त्या वेळीं मी त्याच्यावर रागावलों नव्हतों. बहुधा उत्तरपत्रिका तपासीत असेन. पण आंठ्यांना तें कोठें ठाऊक?

मीं पटाशी बाजूला ठेवली. तेव्हां नातवानें या कलेंतील थोर लोकांचीं कामें मला एकामागून एक दाखविलीं. चेहऱ्यावरील भाव बदलण्याचे दोन मार्ग या कलेंत आहेत, असें त्यांतून ध्यानीं आलें. एक मार्ग जॉर्ज पाल यांचा. १९०८ सालीं हंगेरींत जन्मलेले हे गृहस्थ पुढें अमेरिकेंत गेले आणि 'पपेटून्स' नांवाच्या लघुपटांनीं प्रसिद्धीस आले. बाहुलीचें तोंड उघडावयाचें तर ते तोंड उघडत जाणारीं निरनिराळीं लांकडी डोकीं कोरवून घेत आणि एकेका चित्रागणिक बदलीत. एका लहानशा चित्रपटास अशीं हजारों कोरीव अंगें लागत. या पद्धतीबद्दल १९४४ सालीं त्यांस ऑस्करचा विशेष सन्मान मिळाला. परंतु तो मार्ग कारखान्याचा आहे. आमच्या माजघरांतला नव्हे.

दुसरा मार्ग यिरी त्र्नका यांचा. हे १९१२ सालीं बोहेमियांतील प्लझेन या गांवीं जन्मले. त्या गांवास बाहुल्यांचें वेडच होतें. तेथील योसेफ स्कुपा यांच्यासाठीं कारेल नोसेक नांवाच्या कोरक्यानें १९२० सालीं स्पेयब्ल नांवाची लांकडी बाहुली कोरली. १९२६ सालीं तिला हुर्वीनेक हा खट्याळ मुलगा मिळाला. आणि ही बापलेकांची जोडी चेक लोकांच्या घरोघरीं पोंचली. हे स्कुपा शाळेंत चित्रकला शिकवीत, आणि त्र्नका त्यांचे विद्यार्थी. गुरूनें शिष्याच्या हातांतील गुण ओळखून त्यास बाहुल्यांच्या कामास लावलें. पुढें प्राग येथें कलाशिक्षण घेऊन त्र्नका यांनीं १९३६ सालीं 'लांकडी रंगभूमि' या नांवाचें बाहुल्यांचें नाट्यगृह काढलें. तें लवकरच बंद पडलें. महायुद्धानंतर मात्र ते चित्रपटाकडे वळले, आणि 'श्पालीचेक' (१९४७), 'बायाया' (१९५०), 'जुन्या चेक दंतकथा' (१९५३), शेक्सपिअरच्या नाटकावरून 'मिडसमर नाइट्स ड्रीम' (१९५९) असे एकाहून एक सरस चित्रपट त्यांनीं बाहुल्यांकडून करवून घेतले.

त्र्नका यांच्या बाहुल्यांचे ओठ सहसा हलत नाहींत, भुंवया चढत नाहींत. चेहरा आरंभीं जसा असतो तसाच शेवटीं. असें असून त्या रडतात, लाजतात, घाबरतात, हें आपण डोळ्यांनीं पाहतों. त्यांचे सहकारी ब्रेतिस्लाव पोयार यांनीं याचें मर्म सांगून ठेवलें आहे: त्र्नका बाहुलीचे डोळे रंगवितांना नजर कोणत्याही एका भावाची होऊं देत नसत, मग नुसती मान वळली किंवा दिव्याची जागा बदलली, कीं तोच चेहरा कधीं हंसरा, कधीं दुःखी, कधीं स्वप्नांत हरवलेला दिसे. म्हणजे कोरक्याचें कौशल्य भाव कोरण्यांत नाहीं; भाव येऊन बसेल अशी जागा मोकळी सोडण्यांत आहे.

जपानचे किहाचिरो कावामोतो हे १९६३ सालीं त्र्नका यांच्याकडे शिकावयास प्रागला गेले होते. तुमच्या देशाच्या परंपरेकडे वळा, असा सल्ला त्र्नका यांनीं त्यांस दिला. त्यांनीं तो मानला. जपानांत 'नो' नांवाच्या जुन्या नाट्यांत नट लांकडी मुखवटा घालतो व तो किंचित् वर उचलून आनंद आणि किंचित् खालीं झुकवून शोक दाखवितो. कावामोतो यांनीं 'ओनी' (१९७२) आणि 'दोजोजी' (१९७६) या चित्रपटांत आपल्या देशींच्या त्याच जुन्या नाट्यरीतींचा आधार घेतला.

हा सल्ला मीही माझ्यापुरता घेतला आणि कपाटांतून भरताचें नाट्यशास्त्र काढलें. त्याचा आठवा अध्याय मीं पूर्वीं परीक्षेसाठीं पाठ केला होता. समजला मात्र आतां. त्यांत दृष्टीचे ३६ प्रकार आहेत. ते लांकडाच्या बाहुलीस अशक्य. पण त्याच अध्यायांत शिरोभेद, म्हणजे नुसत्या मस्तकाच्या हालचाली, तेरा सांगितल्या आहेत, आणि त्या तेराही तिला साधतात. मान सावकाश दोन्ही बाजूंस हलविणें तें 'धुत'. त्यानें अनिच्छा, विषाद, विस्मय दाखवावा. खालीं झुकलेलें तें 'अधोगत'; लज्जेस व दुःखास योग्य. वर उचललेलें 'उत्क्षिप्त', मागें वळलेलें 'परावृत्त'. भरतानें स्थायी भाव आठ आणि व्यभिचारी भाव तेहतीस मानिले आहेत. स्थायी भाव खालीं स्थिर असतो. व्यभिचारी त्याच्यावर लाटांसारखे येतात व जातात. माझी चूक आतां स्पष्ट झाली. क्रोधाची एक क्षणिक लाट मीं लांकडांत कायमची गोठविली होती, आणि तिलाच मी गुरुजींचा स्वभाव समजत होतों.

दुसरें डोकें कोरण्यास मला पहिल्याच्या दुप्पट वेळ लागला, कारण या वेळीं हात आवरावयाचा होता. भुंवयांमधील आंठ्या घेतल्या नाहींत. त्यांच्या ऐवजीं भुंवईचा कांठ डोळ्यांवर किंचित् पुढें ठेवला, वळचणीसारखा. दिवा वर असला म्हणजे या कांठाची सांवली डोळ्यांत पडते व मुद्रा कठोर होते. दिवा खालीं आला कीं सांवली निघून जाते आणि डोळे उघडतात. ओठांची रेघ सरळ ठेवली. कोपरे वरही नाहींत, खालींही नाहींत, फक्त थोडे खोल. यांत एक गंमत आहे. चेहरा गोल असल्यामुळें मान खालीं झुकली कीं तीच सरळ रेघ समोरून पाहणारास कोपऱ्यांत वर चढलेली भासते, आणि मान वर गेली कीं कोपरे उतरतात. म्हणून खालीं पाहणाऱ्या बाहुलीच्या मुखावर सांवली आणि हंसू हीं दोन्हीं एकदम येऊं शकतात. गालांवर काचकागद फार फिरविला नाहीं. पटाशीचे लहान लहान सपाट पैलू तसेच राहूं दिले, कारण डोकें रतिभर वळलें तरी एक पैलू उजळतो व दुसरा विझतो. डोळ्यांस नुसते दोन काळसर ठिपके दिले, तेही ऐन मध्यावर नव्हेत, कोणाकडे रोखलेलेही नव्हेत.

तयार झालेलें डोकें हातांत घेऊन पाहिलें, तेव्हां तें मला निर्बुद्ध वाटलें. मीं खिन्न होऊन तें नातवाच्या हवालीं केलें. त्यानें वर्गाचा प्रवेश पुन्हां टिपला: दिवा वरून, गुरुजींची मान ताठ, मग एकदम मुलाकडे वळलेली. गुरुजी रागावले! पहिल्या डोक्याइतकेच रागावले. मग वडाचा प्रवेश. गुरुजी आले, कंदील गुडघ्याशीं, प्रकाश खालून. मान एकदां सावकाश उजवीकडे, एकदां डावीकडे. हें भरताचें 'धुत'. मग त्यांना मुलगा दिसतो. नातवानें त्या ठिकाणीं बारा चित्रांपर्यंत कांहींच हलविलें नाहीं. एक पुरता सेकंद गुरुजी निश्चल. नंतर मान खालीं, आणि ओठांची ती सरळ रेघ कोपऱ्यांत चढली. घरांतील मोठीं माणसें तो प्रवेश पाहतांना पदर व उपरणीं डोळ्यांना लावूं लागलीं. मीं कोरलेल्या मुखावर मात्र अश्रू नव्हता, हंसूही नव्हतें. तें पाहणारांनीं आपल्या पदरचें घातलें होतें.

मौन मुखाचें हें सामर्थ्य किती दूरवर पोंचतें, याचा दाखला त्र्नका यांच्याच अखेरच्या चित्रपटांत आहे. १९६५ सालच्या या अठरा मिनिटांच्या चित्रपटाचें नांव 'हात'. एक गरीब कुंभार आपल्या फुलझाडासाठीं कुंडी करीत असतो. दार ठोठावून एक प्रचंड हात खोलींत शिरतो आणि कुंडी मोडून 'माझी मूर्ति कर' असा हट्ट धरतो. कुंभार नकार देतो. हात प्रथम लालूच दाखवितो, मग धमकावितो, शेवटीं त्याला दोऱ्या बांधून पिंजऱ्यांत टाकतो व त्याच्याकडून दगडाचा हात कोरवून घेतो. कुंभार पळून घरीं येतो, पण डोक्यावर त्याचीच कुंडी पडून मरतो. आणि मग तोच हात त्याची मोठ्या इतमामानें अंत्ययात्रा काढतो. कुंभार एक शब्द बोलत नाहीं, त्याच्या मुखावरील एक रेघ बदलत नाहीं. तथापि सत्ता आणि कलावंत यांविषयीं तो जें बोलला, तें सर्वांस ऐकूं गेलें. त्र्नका १९६९ च्या डिसेंबरांत वारले. त्यानंतर या चित्रपटावर बंदी आली, आणि चेकोस्लोव्हाकियांतील ती राजवट १९८९ सालीं कोसळेपर्यंत ती टिकली. एका मुक्या बाहुलीची एका राज्यास वीस वर्षें भीति वाटावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

चेक व स्लोव्हाक लोकांच्या बाहुलीकलेस २०१६ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. आपल्याकडेही सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी येथें ठाकर समाजानें कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जतन केला आहे, आणि त्या कार्याबद्दल परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. कोंकणांत जाणाऱ्या वाचकांनीं मुलांना तो खेळ अवश्य दाखवावा, आणि त्या लांकडी मुखांकडे नीट पाहावें. तीं दोरीच्या एका हिसक्यासरशीं कसा भाव पालटतात, हें मुलांना आपण सांगण्यापूर्वींच कळेल.

ज्यांच्या घरीं मुलांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. महाग हत्यारें नकोत. एक सपाट व एक गोल पटाशी, एक लहान सुरी, गिरमिट, कानस इतकें पुरे. लांकूड पाटाला घट्ट बांधावें, हातांत धरून कोरूं नये, आणि पटाशीच्या वाटेंत डावा हात ठेवूं नये. चित्रें घेण्यास घरांतील भ्रमणध्वनि चालतो; मात्र तो तिकाटण्यावर बांधावा व खिडक्या लावून घ्याव्या, नाहींतर ऊन सरकतें आणि पडद्यावर दिवसभर ढग येतात-जातात. चेहरा करतांना मूल हंसरें तोंड काढूं पाहील. त्याला रागावूं नये. एक तसें करूं द्यावें, वायां जाऊं द्यावें, आणि मग दुसरा ठोकळा द्यावा.

गुढीपाडव्यास आमचा चित्रपट सर्व मंडळींनीं मिळून पाहिला. नातू पहिलें डोकें टाकून देणार होता. तें मीं मागून घेतलें, आणि तें आतां माझ्या कपाटांत अमरकोशाशेजारीं आंठ्या घालून बसलें आहे. त्या जुन्या विद्यार्थ्याचा क्रमांक मजपाशीं होता. पुष्कळ विचार करून त्यालाही मीं तो चित्रपट पाठविला. सोबत कांहीं लिहिलें नाहीं. रात्रीं त्याचें उत्तर आलें. चित्रपटाविषयीं त्यांत अक्षर नव्हतें. एवढेंच विचारलें होतें, "सर, रविवारीं घरीं आलों तर चालेल का?"